बिनसेलाचा कॅमेरा

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी त्याचे दात बघतो. मग खूर, मग डोळे, मग चार पावलं चालवून बघतो. विकणारा काय सांगतो, याला त्या वेळी फारसा अर्थ नसतो. जुना कॅमेरा घेण्याची रीतही अशीच आहे. मागचं झाकण उघडायचं, आत रोल नसताना खटका दाबायचा आणि कान देऊन ऐकायचं. शटर एक सेकंदावर ठेवलं की आतून घड्याळासारखी बारीक घरघर यायला हवी. ती मध्येच अडखळली तर वंगण सुकलेलं आहे असं समजावं. लेन्स उजेडासमोर धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला काळा, चिकट लागला तर तो बदलावा लागणार, नाहीतर फटीतून उजेड शिरून रोल खराब होणार.

अशी परीक्षा करून मी घेतलेला कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के-१०००. हा १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. जगभरात फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांनी हाच वापरला. त्याच्या तळाला एक गोल सेल बसतो, पण तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी. सेल काढून ठेवला तरी कॅमेऱ्याचं काही अडत नाही. शटर किती वेळ उघडं राहणार हे स्प्रिंग आणि दातेरी चाकं ठरवतात. रोल अंगठ्याने पुढे सरकवायचा, छिद्र हाताने ठरवायचं, नेम डोळ्याने धरायचा.

‘फोनमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हे कशाला?’ हा प्रश्न मला गावात नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याचं चूक नाही. फोनचा फोटो फुकट निघतो, लगेच दिसतो, अंधारातही बरा येतो. त्यामुळे ‘जुन्याची गोडी’ किंवा ‘फिल्मचा दाणा’ अशी उत्तरं मला पुरेशी वाटत नाहीत. माझं उत्तर आमच्या मुलखातल्या फोटोंच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाला तीन दुष्काळांचे टप्पे आहेत.

*

नेकनूर बीड तालुक्यातलं, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं मोठं बाजाराचं गाव. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा भाग. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्या फोटोंचा इतिहास मुंबई-पुण्याआधी हैदराबादेत शोधावा लागतो, आणि तिथे पहिलं ठळक नाव भेटतं ते राजा दीनदयाळ यांचं.

दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळच्या सरधना इथे जन्मले. शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, नोकरी इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. फोटोग्राफी त्यांनी नोकरी करता करता आत्मसात केली. १८८० च्या दशकात ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला आणि १८९४ साली निजामाने त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तो एक इंग्रज बाई चालवत.

तो काळ काचेच्या प्लेटांचा होता. आधीच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याची अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर जायची. पुढे जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्या आणि काम सोपं झालं. मात्र दोन्ही पद्धतींत विजेचा संबंध कुठेच नव्हता. स्टुडिओला उत्तरेकडून उजेड घेणारं काचेचं छप्पर असे. बाहेर सूर्य असे. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, चामड्याचा भाता आणि भिंग.

याच स्टुडिओच्या नावावर १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या औरंगाबाद भागाची छायाचित्रं आहेत. निजाम सरकारच्या मदतकार्याची नोंद म्हणून ती काढली गेली. त्यात धान्यवाटप आहे, मदतीसाठी जमलेले लोक आहेत, बरगड्या मोजता येतील अशी लंगोटीतली तरुण माणसं एका रांगेत उभी आहेत. त्यातली काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, लॉर्ड कर्झनच्या संग्रहात आहेत. सव्वाशे वर्षांनंतरही ती इतकी स्पष्ट आहेत की माणसांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न वाचता येतो.

त्या फोटोंच्या मी पाहिलेल्या छापील प्रतींखाली ठिकाण आहे, वर्ष आहे, छायाचित्रकाराचं नाव आहे. समोर उभ्या असलेल्या एकाही माणसाचं नाव नाही. औरंगाबाद आणि बीड हे शेजारचे जिल्हे. ती माणसं आमच्या कुणाच्या पणज्या-पणजोबांच्या सोयऱ्यांपैकी असतील, नसतील. कळायला मार्ग नाही. फोटो टिकला, माणूस निनावी राहिला. हा आमचा पहिला टप्पा.

*

कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आणि कॅमेऱ्यामागे उभं राहणं यांत जे अंतर आहे, ते मराठी माणसाने कसं कापलं हे बघायला मात्र मुंबई, नाशिक आणि कोल्हापूरकडे जावं लागतं.

१९ ऑगस्ट १८३९ ला पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीचं रहस्य जाहीर झालं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी संबंधित भारतीयांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. लगोलग एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यवसाय थाटला, आणि देशातल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. तरीही कॅमेरा विलायतेहून यायचा, भिंग विलायतेहून यायचं, रसायनंही बोटीनेच यायची.

दादासाहेब फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन आले. बरोबर फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकाची मिळे. रात्री अंधारात बसून ती भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. पहिल्या भारतीय कथापटाचं श्रेय लिहिताना हे काम बहुतेक वेळा तळटीपेत जातं, पण त्या भोकांशिवाय एक फूटही फिल्म पुढे सरकली नसती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली होती. कुंडीसमोर कॅमेरा ठेवायचा, ठराविक अंतराने एकेक चौकट घ्यायची आणि सगळ्या चौकटी सलग दाखवायच्या, की अंकुर डोळ्यांसमोर मोठा होतो. यंत्र आतून माहीत असलेल्या माणसालाच असलं काही सुचतं.

माझ्या दृष्टीने खरी झेप कोल्हापुरात घेतली गेली. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री घराण्यातले. सुतारकाम, लोहारकाम, शिल्पकाम हे घरातच होतं. बाबूराव आणि त्यांचे आतेमामे-चुलत नात्यातले बंधू आनंदराव दोघंही नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, आणि पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत विलायती कॅमेरा मिळणं सोपं नव्हतं. तेव्हा त्यांनी तो घरीच बनवायचं ठरवलं. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहायला तानीबाई कागलकरांनी पैशाची मदत केली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

या गोष्टीचा अभिमान बाळगणं सोपं आहे. मला तिच्यातला साधा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते यंत्र बनवता आलं, कारण ते उघडून बघता येण्यासारखं होतं. चाक कशाला फिरवतं, पकड फिल्म कशी ओढते, झडप कधी उघडते हे मेस्त्री घराण्यातल्या माणसाला डोळ्यांनी बघून समजलं. मोटेचं चाक आणि बैलगाडीचा आस समजतो तसंच. आज कितीही हुशार मेस्त्री असला तरी फोनचा कॅमेरा उघडून त्याला असं काही समजणार नाही. ही मेस्त्रींची कमतरता नाही, यंत्राची जात बदलली आहे.

*

खेडेगावात कॅमेरा पोचला तो स्टुडिओच्या रूपाने. तीन पायांच्या घोड्यावर लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड, आत डोकं खुपसलेला फोटोग्राफर, आणि ‘हलू नका’ अशी ताकीद. केरळातल्या आलप्पुळ इथे १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ नावाचा सागवानी कॅमेरा बनू लागला आणि देशभरातल्या स्टुडिओंत तो दिसू लागला. पुढे दोन भिंगांचे यॅशिका आले. लग्नातले फोटो कितीतरी वर्षं त्यांच्यावरच निघाले. फोटोग्राफर मान खाली घालून कॅमेऱ्यात बघायचा, त्यामुळे वऱ्हाडाला तो जणू नमस्कारच करतोय असं वाटायचं.

मध्यमवर्गाच्या घरात शिरला तो ‘अग्फा क्लिक थ्री’. बडोद्याला बनणारा हा चौकोनी डबा. एका रोलवर बारा चौरस फोटो. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी, एवढंच काय ते ठरवायचं. सेल नाही, काटा नाही, बिघडण्यासारखं फारसं काहीच नाही. फिल्मही देशात बनावी म्हणून १९६० साली उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ‘इंदू’ नावाने कृष्णधवल फिल्म व कागद बाजारात आला. एक्स-रे काढायची फिल्मही तिथलीच असे. पुढे तो कारखाना बंद पडला.

हे सगळं असूनही १९७२ च्या दुष्काळाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आसपासच्या घरांतही मी विचारून पाहिलं. खडी फोडायला कोण कोण जात होतं, सुकडी कशी लागायची, कोणत्या विहिरीचं पाणी शेवटपर्यंत टिकलं, कोणी बैल विकले आणि कोणी नाही विकले, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना नावागावानिशी पाठ आहे. त्या काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली आणि त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली, हा राज्याचा इतिहास आहे. पण ज्या हातांनी ती खडी फोडली त्यांचा फोटो काढायला पैसे कोणाकडे होते? स्टुडिओत जाऊन फोटो काढणं ही लग्नाची किंवा नोकरीच्या अर्जाची गोष्ट होती. दुष्काळात कोणी फोटो काढत नाही.

१९०० च्या दुष्काळाचे फोटो आहेत आणि नावं नाहीत. १९७२ ची नावं आहेत आणि फोटो नाहीत. हा दुसरा टप्पा.

गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ साली ही ओळखपत्रं देण्याचा निर्णय झाला. डोक्यावरचा पदर सावरून, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारे ते चेहरे अजूनही घरोघरच्या पेटीत आहेत. कितीकांच्या बाबतीत तोच मोठा करून, त्याला हार घालून भिंतीवर लावलेला आहे.

*

कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक फोटो कॅसेटच्या फितीवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. सदतीस वर्षांनी, जानेवारी २०१२ मध्ये, त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी, २००६ साली, निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे थांबवत असल्याचं सांगितलं होतं. तालुक्याच्या गावांतल्या कलर लॅब एकेक करून बंद झाल्या किंवा झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर आल्या.

डिजिटलने जे दिलं ते मी नाकारत नाही. पहिल्यांदाच आमच्या गावातल्या प्रत्येक घरात कॅमेरा आला, आणि तो दिनदयाळांच्या दरबारातून किंवा स्टुडिओवाल्याच्या मर्जीतून आला नाही. ऊसतोडीला गेलेली आई कारखान्यावरच्या कोपीतून पोराचा चेहरा रोज बघू शकते. याची किंमत कुठल्याही निगेटिव्हपेक्षा जास्त आहे.

पण तिसरा दुष्काळ आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. बीड जिल्ह्यात टँकर होते, चारा छावण्या होत्या. त्या वर्षी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता. छावणीतल्या जनावरांचे, टँकरभोवतीच्या घागरींचे, कोरड्या बंधाऱ्यांचे हजारो फोटो निघाले असणार. आज मी लोकांना ते मागतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: तो फोन गेला, ते कार्ड खराब झालं, व्हॉट्सॲपवर आले होते पण मेमरी भरली म्हणून काढून टाकले. वर्तमानपत्रांकडे आणि संस्थांकडे त्यांचे फोटो आहेत. घरच्यांनी काढलेले घरच्यांचे फोटो बहुतेक घरांतून गेले. फोटोही होते, नावंही माहीत होती, फक्त ठेवायला जागा नव्हती. हा तिसरा टप्पा.

*

कॅमेरा निवडताना हे तीन दुष्काळ माझ्या डोक्यात होते. मला अशी वस्तू हवी होती जी गावात चालेल, गावाजवळ दुरुस्त होईल आणि जिचा फोटो कुठल्याही यंत्राशिवाय उद्याही बघता येईल.

‘पूर्ण यांत्रिक’ या शब्दाला इथे नेमका अर्थ आहे. फिल्मचे सगळेच कॅमेरे यांत्रिक नसतात. १९६६ सालचा यॅशिका इलेक्ट्रो ३५ शटरची वेळ विजेवर ठरवतो. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या कितीतरी कॅमेऱ्यांत सेल संपला की खटकाच दबत नाही, आणि त्यांची सर्किटं आता बनत नाहीत. त्यामुळे एक गमतीची उलथापालथ झाली आहे: १९९५ चा कॅमेरा भंगारात जातो आणि १९६५ चा चालू राहतो. यांत्रिक कुळातली नावं फार नाहीत. रशियन झेनिट, पेंटॅक्स के-१०००, निकॉनचे एफएम आणि १९८२ चा एफएम-२, जुने रोलायकॉर्ड आणि यॅशिकामॅट. एफएम-२ चं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातं आणि तेही निव्वळ स्प्रिंगवर. नव्या काळातही लायकाने २०१४ साली एम-ए नावाचा कॅमेरा आणला, ज्यात सेलच नाही, पण त्याच्या किमतीत आमच्याकडे चांगली बैलजोडी आणि वर गाडी येईल. २०२४ चा पेंटॅक्स १७ रोल हाताने ओढतो, पण शटरला सेल लागतोच.

माझा कॅमेरा ज्यांनी साफ करून दिला ते दुरुस्तीवाले काका साठीच्या पुढचे. काम करताना ते म्हणाले, “सर्किटवाला आणला असता तर मी परत पाठवलं असतं तुम्हाला. याच्यात काय, दिसतंय ते सगळं आहे.” त्यांच्याकडे शिकायला कोणी नाही. म्हणजे माझ्या निवडीची मर्यादाही तिथेच आहे. यंत्र दुरुस्त होण्यासारखं असून भागत नाही, दुरुस्त करणारा हात लागतो. म्हणून मी त्यांच्याकडे बसून निदान फोम बदलणं आणि साफसफाई शिकून घेतली.

उजेड मोजायला आमच्याकडे काट्याची फारशी गरज पडत नाही. जुना आडाखा असा: कडक ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या वेगाच्या जवळपास. ४०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग. विलायतेत हा आडाखा वर्षातले थोडे दिवस लागू पडत असेल, मराठवाड्यात तो आठ महिने बिनचूक चालतो. अडचण उन्हाची नाही, सावल्यांची आहे. भर दुपारी टोपीखालचा चेहरा काळा पडतो. म्हणून सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर काम करायचं, हे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असलेलं वेळापत्रक आहे.

रंगीत फिल्म मी वापरत नाही, याचंही कारण आहे. कोडॅकची कोडाक्रोम ही नावाजलेली रंगीत फिल्म २००९ साली बंद झाली, आणि ती धुणारी अमेरिकेतली शेवटची प्रयोगशाळा ३० डिसेंबर २०१० ला थांबली. त्यानंतर ज्यांच्याकडे न धुतलेले रोल राहिले त्यांना ते रंग परत मिळाले नाहीत, कारण ती पद्धत घरी करण्यासारखी नव्हती. कृष्णधवल रोल मात्र स्वयंपाकघरात धुता येतो. एक बंद डबी, दोन-तीन रसायनं, थर्मामीटर आणि घड्याळ.

त्यातही आमच्याकडच्या दोन अडचणी पुस्तकात नसतात. पहिली उष्णता. रसायनाचं तापमान २० अंश हवं असं पुस्तक सांगतं. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. मी रसायनाच्या बाटल्या आदल्या रात्री माठातल्या पाण्याच्या पातेल्यात ठेवतो. २४ अंशांपर्यंत आलं तरी चालतं, फक्त दहा मिनिटांच्या जागी सातच मिनिटं धुवायचं. दुसरी अडचण पाण्याचीच. रोल शेवटी वाहत्या पाण्यात धुवायचा असतो, आणि टँकरच्या गावात नळ सोडून बसणं शोभत नाही. यावर इल्फर्ड या फिल्म कंपनीने सुचवलेली रीत आहे: डबीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. लिटरभर पाण्यात रोल स्वच्छ होतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ते विहिरीच्या आसपास ओतायचं नाही. ते मी कॅनमध्ये साठवतो.

मी सोवळं पाळणारा नाही. निगेटिव्ह तयार झाली की ती स्कॅन करतो आणि लोकांना द्यायचे फोटो शहरातल्या डिजिटल मशिनवरच छापून आणतो. त्यामुळे मूळ निगेटिव्ह मात्र हाताळली जात नाही. ती कागदी पाकिटात, पत्र्याच्या ट्रंकेत, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत जाते. फिल्मही अमर नसते. उष्णतेने आणि दमटपणाने ती खराब होते, आंबूस वास येऊ लागतो. तरी खिडकीपुढे धरली की तिच्यात चेहरा दिसतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, चार्जर लागत नाही, अमुक कंपनी जिवंत असावी लागत नाही.

*

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. गेली काही वर्षं मी आसपासच्या वस्त्यांवर निघायच्या आधी टोळ्यांचे फोटो काढतो. एका जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं मोजायचा हा हिशोब कारखान्याचा. फोटोतही ती तशीच मोजली जाऊ नयेत, एवढं मी बघतो.

रोलवर ३६ फोटो निघतात, आणि रोल स्वस्त नाही. म्हणून खटका दाबायच्या आधी थांबावं लागतं. थांबलं की बोलणं होतं. “नाव लिहून घेऊ का, मावशी?” विचारलं की आधी हसू येतं. मग नवऱ्याचं नाव सांगितलं जातं. “त्यांचं नाही, तुमचं,” म्हटलं की शेजारच्या बाया हसतात, आणि मग नाव येतं, माहेरचं गाव येतं, कडेवरच्या पोराचं नाव येतं. फोनवर मी एका सकाळीत तीनशे फोटो काढले असते आणि तीनशे नावं लिहिली नसती. छत्तीस लिहिता येतात.

हे फोनवरही करता येईल, असं कोणी म्हणेल. येईल की. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. मला यंत्राच्या मर्यादेची मदत लागते, एवढंच.

एकदा एका मुलीने विचारलं, “दाखवा ना कसा आला.” मी मागचं काळं झाकण दाखवलं. तिथे काहीच दिसत नाही हे बघून ती जरा हिरमुसली. तिला सांगितलं की फोटो तुम्ही परत आल्यावर मिळेल. साखर कारखान्याचा पट्टा पडला, टोळी चैत्रात परतली, तेव्हा तिला फोटो दिला. तोवर ती दोन बोटं उंच झाली होती. तिच्या आईने फोटो उलटा करून मागचं वाचायला मला सांगितलं. मी वाचलं: तिचं नाव, तिच्या आईचं नाव, वस्ती, तारीख.

“बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली, आणि फोटो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.